ताक फुंकून पिणाऱ्यांसाठी

नातं संपलं तरी त्रास संपत नाही, अशी पत्रं या सदराकडे नेहमीच येतात. त्यांतली पाच या वेळी घेतली आहेत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. उत्तरं मनोविकारतज्ज्ञ आणि समुपदेशक यांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : माझं पहिलं लग्न सहा वर्षं टिकलं. मारहाण फारशी नव्हती, पण मूड कधी फिरेल याचा नेम नसायचा. आठ-आठ दिवस अबोला, मग एकदम ताट भिरकावणं. घटस्फोटाला चार वर्षं झाली. गेल्या वर्षी पुन्हा लग्न केलं. हे स्वभावाने अतिशय शांत आहेत. तरी यांनी दार जरा जोरात लावलं, किंवा ऑफिसातून आल्यावर दहा मिनिटं काही बोलले नाहीत, की माझे हातपाय गार पडतात. दिवसातून पाच-सहा वेळा मी "रागावलात का?" विचारते. आता खरंच वैतागायला लागलेत. — एक वाचक, नाशिक

उत्तर : "फारशी नव्हती" यातला "फारशी" आमच्या नजरेतून सुटलेला नाही. त्यावर शेवटी येऊ.

आधी दाराचं बघू. पहिल्या घरात दाराच्या आवाजावरून संध्याकाळ कशी जाणार हे ओळखणं तुमची गरज होती. सहा वर्षं रोज सराव झाला आणि मेंदूने ते कसब पक्कं केलं. धोक्याची घंटा वाजवणारा अमिग्डाला हा मेंदूतला बदामाएवढा भाग आवाज चटकन ओळखतो. मात्र घर बदललं, माणूस बदलला, साल बदललं, याची नोंद ठेवण्यात तो कच्चा आहे. विचार करणाऱ्या भागाकडे बातमी पोचेपर्यंत हातपाय गार पडून झालेले असतात. म्हणून "हे तसे नाहीत" असं स्वतःला कितीही बजावलं तरी फरक पडत नाही. बजावलेलं एका वहीत लिहिलं जातं, शरीर वाचतं दुसऱ्याच वहीतून, आणि त्या दुसऱ्या वहीत फक्त अनुभवाची नोंद होते.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे सगळे सांगतात. फुंकण्याने काय बिघडतं ते कोणी सांगत नाही. फुंकून प्यायलं की ताक मुळात थंडच होतं हे कळायची संधी जाते. "रागावलात का?" ही तुमची फुंकर आहे. उत्तर मिळालं की पाच मिनिटं बरं वाटतं, आणि शरीर शिकतं की विचारलं म्हणून वाचलो. पुढच्या वेळी न विचारणं आणखी अवघड होतं. वर सहाव्यांदा विचारल्यावर समोरचा चिडतो, आणि ती चिड "बघ, मी म्हणत नव्हते" म्हणून पुराव्यात जमा होते.

पहिला आठवडा काहीही बदलू नका. एका छोट्या वहीत चार रकाने आखा : काय घडलं (नुसती घटना, अर्थ नको, "दार वाजलं" एवढंच, "रागाने दार आपटलं" नको), शरीरात काय झालं आणि ० ते १० पैकी किती, मी काय केलं, किती मिनिटांनी निम्मं झालं. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा. काहीही न करता बसलं तर लाट आपोआप ओसरते, आणि बहुतेकांच्या बाबतीत अर्ध्या तासाच्या आतच, हे तिथे स्वतःच्या अक्षरात दिसतं.

त्याच आठवड्यात श्वासाचा सराव सुरू करा. चार अंक मोजत आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. बाहेरचा श्वास लांब ठेवायचा, कारण श्वास सोडताना हृदयाची गती उतरते. इथे हमखास होणारी चूक म्हणजे छाती भरभरून जोरात श्वास घेणं. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते आणि माणूस आणखी घाबरतो. दुसरी चूक म्हणजे सराव न करता थेट घाबरल्यावर आठवणं. तहान लागल्यावर विहीर खणण्यातला प्रकार.

दुसऱ्या आठवड्यापासून शिडी. भीती वाटणाऱ्या आठ-दहा प्रसंगांची यादी करून प्रत्येकाला ० ते १०० मधला आकडा द्या. तुमच्या पत्रावरून ती साधारण अशी दिसेल : स्वतःच स्वयंपाकघराचं दार आपटणं २०, यजमानांनी सांगून आपटणं ३५, संध्याकाळी केव्हातरी, न सांगता आपटणं ५०, ते पंधरा मिनिटं पेपर वाचत गप्प बसलेत आणि तुम्ही विचारत नाही, ५५, ट्रॅफिकवर वैतागून बोलतात, ६५, तुमच्याच एखाद्या बारीक गोष्टीबद्दल नाराजी सांगतात, ८०. खालच्या पायरीपासून सुरुवात करा. एक पायरी आठवड्यात चार-पाच वेळा, आकडा निम्म्यावर येईपर्यंत, मगच पुढची. लाट चढलेली असताना खोलीतून उठून जाऊ नका, नाहीतर पळालो म्हणून वाचलो हाच धडा पुन्हा गिरवला जातो. आणि लपूनछपून फुंकर नको. गप्प बसलेल्या माणसाला तिसऱ्यांदा "चहा टाकू का?" विचारणं हा तोच प्रश्न आहे, फक्त आधण ठेवून.

यजमानांचं काम थोडं पण नेमकं आहे. त्यांनी एकच वाक्य द्यायचं : "रागावलो असेन तर मी स्वतःहून सांगेन." आणि ते पाळायचं, अगदी नाराजी क्षुल्लक असली तरी. हे पाळलं नाही तर सगळी शिडी कोसळते. दमून आल्यावर "डोकं चढलंय, पंधरा मिनिटांनी बोलतो" एवढं म्हणून मग गप्प बसावं. तुमचे प्रश्न दुसऱ्या आठवड्यात दिवसाला तीन, मग दोन, मग एक, असे उतरवा. त्यावर उत्तर एकदाच मिळेल, हेही आधी ठरवून घ्या. बायकोचा समुपदेशक होण्याचा प्रयत्न त्यांनी करू नये. नवरा आणि समुपदेशक ही दोन्ही कामं एकाच माणसाने केली की दोन्ही बिघडतात.

साधारण दोन-तीन महिने धरून चाला.

आता "फारशी". मारहाण झाली होती, एवढाच त्याचा अर्थ. ती कमी करून सांगायची सवय हाही त्या नात्याचाच परिणाम आहे. जुने प्रसंग आत्ता घडताहेत असे डोळ्यांसमोर येत असतील, त्यांची स्वप्नं पडत असतील, कायम सावध राहावं लागत असेल, आणि सोबत "मीच कवडीमोल" ही भावना घट्ट बसली असेल, तर ही शिडी घरी एकटीने चढू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात या अवस्थेला वेगळं नाव आहे, "गुंतागुंतीचा आघातोत्तर ताण विकार", आणि दीर्घकाळचा घरगुती छळ हे त्याचं एक ठळक कारण मानलं जातं. आघातकेंद्रित वर्तन-विचार उपचार आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने त्रासदायक आठवणी हाताळायची पद्धत) या दोन पद्धतींची शिफारस त्याच संघटनेने आघातानंतरच्या ताणासाठी २०१३ मध्ये केली. दोन्ही प्रशिक्षित माणसाकडूनच घ्यायच्या असतात.

प्रश्न : पाच वर्षांचं नातं आठ महिन्यांपूर्वी तिने संपवलं. मी २६ वर्षांचा, पुण्यात आयटीत. रात्री तिचं स्टेटस, तिच्या मैत्रिणींच्या स्टोऱ्या, तिचं "लास्ट सीन" बघत बसतो. मनातलं लिहून काढ असं कोणी सुचवलं, म्हणून रोज दोन-दोन तास लिहितो. तीन वह्या भरल्या, त्रास वाढलाच. मित्र म्हणतात, सोड ना यार. एकदा शेवटचं भेटून "का" ते विचारू का?

उत्तर : मित्रांना एवढं सांगा की नुकताच प्रेमभंग झालेल्या लोकांना जुन्या जोडीदाराचा फोटो दाखवून मेंदूची चित्रं घेतली, तेव्हा हाताला चटका बसताना जागे होणारे काही भाग तिथेही जागे झालेले दिसले. इथन क्रॉस आणि सहकाऱ्यांचा २०११ चा अभ्यास आहे. दुखणं खरं आहे. तरी तुम्ही रोज रात्री त्याच्यावरची खपली काढताय, हेही खरं.

स्टेटस बघणं सुटत का नाही? कारण बहुतेक वेळा काहीच मिळत नाही, आणि मधूनच काहीतरी मिळतं. बक्षीस दर वेळी मिळालं तर सवय लवकर मोडते, अनियमित मिळालं तर सर्वांत चिवट होते. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर दाखवलेलं हे तत्त्व, मटक्याचा आकडा लावणाऱ्यालाही तेच धरून ठेवतं. म्हणून "हळूहळू कमी करतो" हा बेत इथे फसतो. सिगारेट दहावरून पाचवर आणता येते. स्टेटस दहावरून दोनवर आणलं की त्या दोनांचं मोल वाढतं.

एका संध्याकाळी तासभर काढा, मित्राला शेजारी बसवा. तिला म्यूट करा; पुन्हा उघडून बघणार याची स्वतःला खात्री असेल तर ब्लॉक. तिच्या मैत्रिणींनाही म्यूट करा, कारण पुढचं दार लावून मागचं उघडं ठेवलं की चोर तिथूनच येतो. लोकेशन शेअरिंग बंद. एकत्र वापरात असलेल्या ओटीटीचा पासवर्ड बदला. गुगल फोटोजच्या "आठवणीं"मध्ये ठरावीक चेहरा लपवायची सोय आहे, ती वापरा. नाहीतर सकाळी सात वाजता गोव्याची सहल समोर येते. चॅट आणि फोटो रागाच्या भरात डिलीट करू नका. असं करणारे बरेचजण पंधरा दिवसांनी हळहळतात आणि "ते फोटो तुझ्याकडे आहेत का" या निमित्ताने मेसेज करतात. सगळं पेनड्राइव्हवर टाकून मित्राच्या घरी ठेवा.

पहिले दहा-पंधरा दिवस ओढ वाढेल. उपाय चुकला असं समजून नेमके याच टप्प्यावर लोक सोडतात. बक्षीस अचानक थांबलं की मेंदू आधी जास्त जोराने कळ दाबून बघतो, मग थांबतो. बाराव्या दिवशी पाय घसरला तर वहीत तारीख लिहा आणि पुढे चला. मात्र असं घसरणं स्वस्तात सुटत नाही, बाराव्या दिवशी मिळालेलं बक्षीस पहिल्या दिवशीच्यापेक्षा महाग पडतं.

आता वह्या. लिहून मन हलकं होतं हे मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनीबेकर यांनी १९८६ मध्ये दाखवलं, ते चार दिवस रोज पंधरा मिनिटांच्या लेखनावर. आठ महिने रोज दोन तास लिहिणं ही निराळीच गोष्ट झाली. शिवाय डेव्हिड सबारा आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये नुकत्याच विभक्त झालेल्या लोकांवर केलेल्या अभ्यासात उलटच निघालं. "असं का झालं" याचा अर्थ शोधत राहणाऱ्यांना भावना लिहिण्याने सावरायला अडथळा आला, आणि दिवसभरात काय काय केलं एवढंच कोरडं लिहिणारे बरे राहिले. तुमचं रवंथ चाललंय. गाय रवंथ करते तेव्हा निदान गवत पचतं.

तेव्हा तीन वह्या पेनड्राइव्हबरोबर रवाना करा. चौथीत रोज दहा ओळी, आज काय केलं त्याच्या : कुठे गेलो, काय खाल्लं, कोणाशी बोललो. विचारांसाठी संध्याकाळी सहा ते सहा-वीस अशी वेळ राखा, खुर्चीवर बसून; पलंगावर कधीच नाही. इतर वेळी विचार आला की चिठ्ठीवर एक शब्द टिपा आणि सहापर्यंत ठेवून द्या. सहा वाजता त्यातल्या निम्म्या चिठ्ठ्या शिळ्या वाटतात.

शेवटची भेट? आमचं मत, नको. जे उत्तर मिळेल त्यातून आणखी दहा प्रश्न निघतील आणि चौथी वही भरेल.

प्रश्न : मुलगी २३ वर्षांची, शिक्षणासाठी दुसऱ्या शहरात असते. ज्याच्याशी जमलं होतं तो तिचा फोन तपासायचा, मैत्रिणींशी बोलू द्यायचा नाही, दोनदा हात उचलला. तीन वेळा तिने संबंध तोडला, तिन्ही वेळा परत गेली. आता म्हणते कायमचं तोडलंय. पण रात्री रडते, "तो इतका वाईट नव्हता गं आई" म्हणते. त्याच्याकडे तिचे फोटो आहेत आणि तो धमकावतो. तिचे बाबा म्हणतात, हिलाच अक्कल नाही. — एक आई

उत्तर : फोटोंचं आधी, कारण त्यात उशीर चालणार नाही.

धमकीचे मेसेज डिलीट करू नका. तारीख, वेळ, नंबर दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, दोन ठिकाणी ठेवा, एक प्रत तुमच्याकडे. त्याला पैसे देऊ नका, विनवण्याही नकोत. दोन्हींमुळे धमकी उपयोगी पडते हे त्याला कळतं. संमतीने काढलेला खासगी फोटोही संमतीशिवाय पसरवणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई नुसार. धमकावणं हा स्वतंत्र गुन्हा, कलम ३५१. "फोटो काढू दिलास ना" असं पोलीस ठाण्यात कोणी ऐकवलं तर हे आकडे सांगा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिलांविषयीची तक्रार नाव न देताही करता येते. "स्टॉप एनसीआयआय" या मोफत संकेतस्थळावर फोटोचा डिजिटल ठसा स्वतःच्या फोनवरच तयार होतो, फोटो बाहेर जात नाही, आणि सहभागी समाजमाध्यमं त्या ठशावरून तो अडवतात. पसरायच्या आधीच हे करून ठेवावं. ताबडतोब धोका वाटला तर ११२, महिलांसाठी १८१. घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदा मात्र एका छताखाली राहिलेल्यांसाठी आहे. ते कधीच एकत्र राहिले नसतील तर इथे लागू होणार नाही, वकिलाकडे त्यात वेळ घालवू नका.

आता अकलेचं. तुमच्या यजमानांनी हे वाचावं अशी इच्छा आहे. १९८१ मध्ये डोनाल्ड डटन आणि सुझन पेंटर यांनी अशा बंधाचं वर्णन केलं. एकाच्या हाती सत्ता, आणि छळाच्या मधेमधे लाड, या दोन गोष्टी एकत्र आल्या की ओढ घट्ट होते. ज्याने दुखावलं तोच नंतर जवळ घेतो, रडतो, फुलं आणतो. शरीराला दिलासा मिळतो आणि तो ज्याच्याकडून मिळाला त्याच्याशी मन बांधलं जातं. वरच्या पत्रातल्या स्टेटसचंच हे जीवघेणं रूप. हुशार, शिकलेल्या मुलीही यात अडकतात, आणि पुरुषही.

"इतका वाईट नव्हता" हे खोटं नाही. चांगले दिवस होतेच, नसते तर ती कधीच निघाली असती. म्हणून "तो राक्षस होता" असं तुम्ही म्हणालात की ती त्याची वकील होते. त्याऐवजी म्हणा, "चांगला वागायचा तेव्हा बरं वाटायचं, हो ना. आणि हात उचलला त्या दिवशी काय झालं होतं?" मग गप्प बसा. तिच्या तोंडून निघालेली गोष्ट तिला पटते, तुमच्या तोंडून निघालेली ती परतवते. शांत असताना तिलाच एक कागद लिहायला सांगा, दोन्ही बाजूंचा. मागच्या तीन वेळी कशामुळे परत गेली, हेही त्यात हवं. बहुतेकदा ठरावीकच कारणं निघतात : रविवारची एकटी संध्याकाळ, त्याचा वाढदिवस, किंवा "आजारी आहे, एकदा भेट". त्या वेळांचा बंदोबस्त आधीच करा. रविवारी तुम्ही तिथे जा, नाहीतर ती घरी येऊ दे.

चौथ्यांदा परत गेली तर? शक्यता आहे. त्या वेळी "आता आमच्या दारात येऊ नकोस" हे वाक्य घरात कोणाच्याही तोंडून निघता कामा नये. तिला एकटं पाडण्याचं त्या मुलाचं काम आपणच पूर्ण करून देतो.

प्रश्न : वय २९. आधीच्या मित्राने तीन वर्षं दुसरीबरोबर समांतर नातं ठेवलं होतं. आता घरून स्थळं येताहेत. कोणीही नीट बोललं की "हा काय लपवतोय" एवढंच डोक्यात येतं. एकाचा मागचा सात वर्षांचा फेसबुक मी खणून काढला. आणि माझ्याबद्दल मी किती सांगायचं? — सांगली

उत्तर : विश्वास म्हणजे दिव्याचं बटण, चालू नाहीतर बंद, अशी तुमची धारणा झाली आहे. तो उधारीच्या खात्यासारखा वापरा. लहान रक्कम द्या, वेळेवर परत येते का बघा, मग मोठी. पहिल्या दोन-तीन भेटींत बारीक गोष्टी तपासा : सांगितलेल्या वेळी फोन येतो का, "नाही" ऐकल्यावर चेहरा कसा होतो, स्वतःची चूक सांगता येते का, आई-वडिलांसमोर आणि एकटा असताना बोलणं सारखंच असतं का. महिनाभरात या खात्यावर बरंच दिसतं, सात वर्षांच्या पोस्टमध्ये नाही. नोकरी, शिक्षण, आधीचं लग्न यांची कागदोपत्री चौकशी जरूर करा, ती व्यवहाराची बाब आहे. एकदा करायची आणि थांबायचं. चौथ्यांदा तेच तपासताय म्हणजे आता ती चौकशी राहिली नाही.

दुखावलेल्या मनाचा एक उलटा फसवा प्रकारही असतो. शांत, सरळ माणूस "काही वाटत नाही" म्हणून नाकारला जातो आणि छातीत धडधडवणारा आवडतो. ती धडधड कधीकधी जुन्या भीतीचीच ओळख असते. नकार द्यायच्या आधी त्या शांत माणसाला आणखी एकदा भेटा.

सांगायचं किती? आधीचं लग्न, घटस्फोट, मूल, मोठा आजार, कर्ज, हे ठरण्याआधी सांगायलाच हवं. महत्त्वाची गोष्ट लपवून संमती मिळवली तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ खाली लग्न रद्द करण्याची मागणी होऊ शकते. प्रेमसंबंधाची गोष्ट निराळी. दोघं गंभीर झालात, साखरपुड्याच्या आधी, दोन-तीन वाक्यांत : "एक नातं होतं, फसवणूक झाली, संपलं. त्यामुळे मला विश्वास ठेवायला वेळ लागतो." नाव, तारखा, शारीरिक तपशील देणं लागत नाही, आणि दिलात तर ते पुढच्या भांडणात परत येतात. एवढं ऐकून समोरचा खोदत राहिला, किंवा "मग मीही आता काहीही विचारू शकतो" अशा सुरात आला, तर तुम्हाला हवी होती ती माहिती तुम्हाला मिळाली.

प्रश्न : वय ४१. बायको मुलाला घेऊन गेली, दोन वर्षं झाली. कोर्टात चालू आहे. ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून अल्प्राझोलम ही चिंता शमवणारी गोळी घेतो, आधी अर्धी, आता दोन. त्यावर दोन पेग. सकाळी छातीत धडधडतं. कधी वाटतं झोपेतून उठूच नये. पुरुषाने हे सांगायचं तरी कोणाला?

उत्तर : या पत्राला आम्ही अंक छापायची वाट न बघता उत्तर पाठवलं. अशा अवस्थेत इतरही असतील म्हणून इथे देतो.

गोळी आणि दारू एकत्र घेऊ नका, आज रात्रीही नाही. दोन्ही श्वासाचा वेग मंदावतात आणि एकत्र आल्या की त्यांचा हिशोब बेरजेपेक्षा जास्त होतो. पण रोजची गोळी किंवा रोजची दारू एकदम बंद करणंही धोक्याचं आहे, फिट येऊ शकते. म्हणून हे मनाने न करता एक-दोन दिवसांत डॉक्टरांकडे जा, ते डोस टप्प्याटप्प्याने उतरवतील. सकाळची धडधड बहुधा याच दोघांची आहे. अल्प्राझोलम थोड्या तासांत उतरतं, दारूही उतरते, आणि शरीर उसळी मारतं. तरी या वयात ईसीजी काढून घ्या. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम असेल तर थेट तातडीच्या विभागात. "टेन्शनचं असेल" हा निर्णय घरी घ्यायचा नाही.

"उठूच नये" हे तुम्ही लिहिलंत, बरं केलंत. टेली मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र, मोफत आणि मराठीतही चालतो. घरात जादा गोळ्या असतील तर त्या भावाकडे किंवा मित्राकडे द्या आणि का देताय तेही त्याला सांगा. विचार लाटेसारखा येतो, त्या अर्ध्या तासात हाताशी साधन नसणं यानेच पुष्कळ जीव वाचतात. विचाराला बेताचं रूप यायला लागलं, म्हणजे कधी आणि कसं हे ठरू लागलं, तर एकटे थांबू नका, कोणाला तरी सोबत घेऊन त्याच रात्री रुग्णालय गाठा.

कोर्टात हे वापरलं जाईल अशी भीती असेल. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. आणि उपचार घेणारा बाप, रोज दोन गोळ्या आणि दोन पेग घेणाऱ्या बापापेक्षा मुलाच्या भेटीसाठी केव्हाही बऱ्या जागी उभा असतो. तुमच्या वकिलालाही हे विचारून घ्या.

जायचं कुठे? जिल्हा रुग्णालयात मनोविकार बाह्यरुग्ण विभाग असतो. पुण्यात येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीची संस्था, आणि तिथल्या ओपीडीत जाणारे बहुतेक लोक औषध घेऊन त्याच दिवशी घरी परततात. औषध लिहून देतो तो मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात एमडी किंवा डीपीएम ही पदविका केलेला डॉक्टर. बोलण्याचे उपचार करणारा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेला आहे का, ते बिनदिक्कत विचारा. नैराश्याचं औषध सुरू झालं तर गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि पहिल्या आठवड्यात मळमळ, अस्वस्थता वाढू शकते. बरेचजण तिथेच सोडतात.

पहिल्या भेटीत दहा मिनिटंच मिळतील, म्हणून एका कागदावर लिहून न्या : गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम, दिवसाला किती, कधीपासून, दारू किती, झोप किती तास, वजन घटलं का, आणि "झोपेतून उठू नये असं वाटतं", हे असंच, याच शब्दांत. तोंडाने सांगायला जीभ रेटली नाही तर कागद टेबलावर सरकवा.